पाषाणांचे पंचांग



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुवर्यांनी इतिहास आणि भूगोल हे दोन विषय जन्मभर एकाच फळ्यावर शिकविले. फळ्याच्या एका अंगास सनावळी आणि दुसऱ्या अंगास नकाशा. त्यांच्या नावाने बोलावयाचे तर विषयही असाच, दोन्ही अंगांस पुरून उरणारा असावा, असे मला वाटले. म्हणून आज मी दगडांविषयी बोलणार आहे. मोठमोठ्या, ओबडधोबड, कोणतेही नक्षीकाम नसलेल्या, पण कोणीतरी हेतुपुरस्सर रांगेत वा वर्तुळात मांडून ठेवलेल्या दगडांविषयी. त्यांतले काही आफ्रिकेत आहेत आणि काही येथून रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर आहेत.

आफ्रिकेतील गोष्ट प्रथम सांगतो, कारण ती बरीच गाजली आहे. इजिप्तच्या दक्षिण टोकास, अबू सिंबेलच्या पश्चिमेला सुमारे १०० किलोमीटरवर, नब्ता प्लाया नावाचा एक उथळ खोलगट प्रदेश आहे. आज तेथे वाळूखेरीज काही नाही. फ्रेड वेंडॉर्फ हे अमेरिकन पुरातत्त्वज्ञ नाईलवरील आस्वानच्या मोठ्या धरणाखाली बुडणाऱ्या न्युबियातील अवशेषांच्या बचावकार्यासाठी १९६०च्या दशकात त्या देशात आले आणि पुढे कित्येक वर्षे तेथेच काम करीत राहिले. १९७०च्या दशकात वाळवंट ओलांडताना त्यांची तुकडी या ठिकाणी सहज थांबली, आणि पायाखाली खापऱ्यांचा खच पडलेला त्यांना दिसला. उत्खनन सुरू झाले. चुली, विहिरी, झोपड्यांच्या जागा निघाल्या. मोठ्या शिळा मात्र भोवताली पडलेल्या असूनही वर्षानुवर्षे कोणाच्या डोळ्यांत भरल्या नाहीत. जमिनीतून वर आलेला तो नैसर्गिक खडक असावा अशी समजूत होती. त्या शिळा दुरून आणून येथे उभ्या केलेल्या आहेत हे १९९०च्या सुमारास ध्यानात आले. आपल्याकडील परिस्थिती याहून फारशी निराळी नाही हे पुढे दिसेलच.

या शिळांमध्ये एक लहानसे वर्तुळ होते. व्यास अवघा ४ मीटर. म्हणजे आपल्या या व्यासपीठावर सहज मावावे एवढे. त्यात समोरासमोर उभ्या केलेल्या अरुंद शिळांच्या जोड्यांनी चार ‘दारे’ केलेली होती. एका जोडीची दिशा उत्तर-दक्षिण, दुसरीची उत्तरेपासून पूर्वेकडे सुमारे ६२ अंश. सहा-सात हजार वर्षांपूर्वी त्या अक्षांशावर वर्षातील सर्वांत मोठ्या दिवशी सूर्य जेथे उगवत असे, ती दिशा ६३ अंशांच्या आसपास येते. खगोलशास्त्रज्ञ मॅकिम मॅलव्हिल यांनी वेंडॉर्फ आणि इतर सहकाऱ्यांसमवेत ही मांडणी १९९८ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली, आणि ‘जगातील सर्वांत जुने दगडी पंचांग’ म्हणून नब्ताचे नाव सर्वतोमुखी झाले.

मोठा दिवस कोणता हे जाणून त्या लोकांना करायचे काय होते? ते गुराखी होते. त्या काळी आफ्रिकेतील मोसमी पाऊस आजच्यापेक्षा बराच उत्तरेकडे पोहोचत असे, आणि उन्हाळ्यातल्या त्या पावसाने नब्ताचा खोलगट भाग भरून तळे होत असे. मोठ्या दिवसानंतर पाऊस. पावसानंतर पाणी आणि चारा. त्याच परिसरातील एका दगडी ढिगाखाली मातीने लिंपलेल्या खड्ड्यात एका तरुण गाईचा संपूर्ण सांगाडा मिळाला. तो सुमारे ७००० वर्षांपूर्वीचा आहे. माणसासाठी करावी तशी व्यवस्था तिच्यासाठी केलेली होती. बेंदराला बैलांची शिंगे रंगविणाऱ्या आणि कारहुण्णिवेला त्यांची मिरवणूक काढणाऱ्या आपल्या या मुलखातील माणसाला त्यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. सुमारे ५००० वर्षांपूर्वी पाऊस दक्षिणेकडे सरकला, तळे आटले, आणि लोक निघून गेले.

या ठिकाणी मॅलव्हिल यांच्याविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हेच गृहस्थ नब्ताच्या कितीतरी आधीपासून आपल्या हंपीत काम करीत होते. जॉन फ्रिट्झ यांच्यासमवेत त्यांनी विजयनगरच्या राजप्रासादाच्या परिसराची मोजणी केली आणि दाखवून दिले की, त्या परिसराचा उत्तर-दक्षिण अक्ष रामचंद्र मंदिराच्या आवारावरून थेट मातंग पर्वताच्या शिखराकडे रोखलेला आहे. सहारातील गुराख्यांच्या वर्तुळावर ज्याने पुढे निर्णय दिला, त्याचा डोळा होस्पेटच्या उन्हात तयार झालेला होता! आपल्या भागातील विद्यार्थ्यांना हे ठाऊक असावे.

नब्ताची कीर्ती झाली तशी इतरही ठिकाणे पुढे आली. त्यांपैकी दोहोंचा उल्लेख करतो, कारण दोन्ही प्रकरणे बोधप्रद आहेत. केनियात तुर्काना सरोवराच्या काठी नामोरातुंगा येथे बसाल्टचे १९ खांब आहेत. १९७८ साली लिंच आणि रॉबिन्स या दोघा संशोधकांनी ‘सायन्स’ नियतकालिकात असे मांडले की, हे खांब इसवी सनापूर्वी ३००च्या सुमारास बोराना लोकांच्या पंचांगातील तारकांच्या उदयाकडे रोखून रोवले आहेत. बोराना लोकांचे पंचांग खरोखरच चंद्र आणि तारकांच्या युतीवर चालते, त्यामुळे हे म्हणणे अनेकांना पटले. चार वर्षांनी रॉबर्ट सोपर यांनी पुन्हा मोजमाप केले आणि एक साधी गोष्ट निदर्शनास आणली. बसाल्टमध्ये चुंबकीय गुण असतो. त्या खांबांजवळ होकायंत्र धरले की त्याची सुईच बहकते. पुढे उत्खननांतून असे दिसून आले की तुर्कानाकाठची ही खांबांची ठिकाणे मुळात दफनभूमी असून चार-पाच हजार वर्षांपूर्वीची आहेत. त्यांपैकी लोथागाम येथे तर निदान ५८० माणसे पुरलेली असावीत, असा अंदाज २०१८ साली प्रसिद्ध झाला.

दुसरे प्रकरण दक्षिण आफ्रिकेतील म्पुमलांगा प्रांताचे. कापशेहूप गावाजवळ कड्याच्या काठावर उभ्या शिळांचे एक वर्तुळ आहे. २००३ साली योहान हायने नावाच्या वैमानिकाने ते पाहिले, आणि नंतर त्यास ‘आदमचे पंचांग’ असे भारदस्त नाव मिळाले. ते ७५००० वर्षांपूर्वीचे आहे, परग्रहावरून आलेल्यांनी बांधले आहे, असेही पुस्तकांतून छापले गेले. त्या कालनिर्णयास उत्खननाचा कोणताही आधार नाही. खरा प्रश्न मात्र वेगळाच आहे. त्याच डोंगररांगेवर शेकडो दगडी भिंतींची आवारे, गुरांच्या वाटा आणि पायऱ्यापायऱ्यांची शेते आहेत. ती बोकोनी लोकांची आहेत, हे पीटर डेलियस, टिम मॅग्ज आणि अलेक्स स्कूमन या अभ्यासकांनी पद्धतशीर दाखवून दिले आहे. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्याच्या प्रारंभापर्यंत ते लोक तेथे नांदले, शेती केली, गुरे पाळली, आणि लढायांच्या धामधुमीत उद्ध्वस्त झाले. परग्रहवासीयांना एक भिंत बहाल करायची म्हणजे ती कोणा शेतकऱ्याच्या हातून काढून घ्यायची. मला स्वतःला ही गोष्ट केवळ हास्यास्पद वाटत नाही. अन्यायकारक वाटते.

आता आपल्या घराकडे वळू.

फिलिप मेडोज टेलर हे नाव मराठी वाचकास ‘तारा’ कादंबरीमुळे आणि ठगांवरील पुस्तकामुळे परिचित असते. निजामाच्या नोकरीतील हा अधिकारी पुढे नळदुर्ग जिल्ह्याचा कारभारी झाला, म्हणून तुळजापूरचे वर्णन त्याच्या कादंबरीत आले. त्यापूर्वी १८४०च्या दशकापासून १८५३पर्यंत तो सुरपूरच्या बेडर संस्थानाचा कारभार पाहत होता, कारण राजा व्यंकटप्पा नायक अल्पवयी होता. घोड्यावरून मुलूख फिरताना त्याला ठिकठिकाणी शिळांचे ढीग, शिळांची घरे आणि शिळांच्या रांगा दिसल्या. त्याने थडगी उकरली, आराखडे काढले, आणि मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेत लेख लिहिले. या वस्तू आपल्या मायदेशातील ड्रुइडांच्या शिळांसारख्या आहेत हे त्याने ओळखले आणि मग त्या शक आणि ड्रुइडांच्याच असाव्यात असा तर्क केला. तर्क टिकला नाही; आराखडे टिकले. स्थानिक लोक अशा शिळाघरांना ‘मोर्यर मने’, म्हणजे मोर्यांची घरे म्हणतात. कोप्पळ जिल्ह्यातील हिरेबेणकलच्या डोंगरावर अशी सुमारे ४०० स्मारके आहेत आणि त्या डोंगराचे नावच मोर्यर गुड्ड असे आहे.

शिळांच्या रांगा ही यातली सर्वांत गूढ वस्तू. थडग्यावर शिळा ठेवली तर तिचे कारण कळते. माळरानावर शेकडो शिळा सारख्या अंतराने ओळीने का ठेवाव्यात? शहापूरजवळील विभूतिहळ्ळी येथे अशा रांगा आहेत. शिळा घडविलेल्या नाहीत, शेजारच्या डोंगरातल्या जशाच्या तशा गोल ग्रॅनाइटच्या. १९५६ साली एफ. आर. ऑल्चिन यांनी दक्षिण हैदराबादेतील अशा अनेक ठिकाणांचा एकत्र विचार प्रथम मांडला. त्यांत सर्वांत मोठे हनमसागर, यादगीर जिल्ह्यात कोडेकलच्या बाजूस, कृष्णेपासून फार दूर नसलेले. (कुष्टगी तालुक्यातील हनुमसागर ते हे नव्हे, दोन्हींची गल्लत नेहमी होते.) तेथे सुमारे ६०० मीटर बाजूच्या चौरसात ५० आडव्या व ५० उभ्या ओळी, म्हणजे सुमारे २५०० शिळा, आणि मध्ये ‘चक्री कट्टी’ नावाची चौकोनी रचना आहे. दोन शिळांमध्ये सुमारे १२ मीटर अंतर पडते. ओळी पूर्व-पश्चिम आणि दक्षिणोत्तर.

भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे एन. कामेश्वर राव यांनी असे मत मांडले आहे की, या रचनेतील बाहेरच्या व आतल्या चौरसांच्या आधाराने मोठ्या आणि लहान दिवसाच्या सूर्योदयाच्या दिशा निश्चित करता येतात, आणि शिळांच्या सावल्यांवरून वेळ व ऋतूही जाणता येत असावेत. विभूतिहळ्ळीसही त्यांनी प्रिया ठाकूर यांच्यासमवेत याच दृष्टीने निरीक्षणे केली. म्हणजे आपल्या उंबरठ्यावरही एक दगडी पंचांग आहे असे म्हणण्यास आधार आहे. परंतु नामोरातुंगाची गोष्ट ऐकल्यावर आपण लगेच टाळ्या वाजवू नयेत. थोडे गणित करावे.

हनमसागरच्या अक्षांशावर, त्या काळी, मोठ्या दिवशी सूर्य पूर्वेच्या उत्तरेस सुमारे २५ अंशांवर उगवत असे. चौरसाचा कर्ण ४५ अंशांवर असतो. तो उपयोगाचा नाही. बुद्धिबळातील घोड्याच्या चालीने, म्हणजे दोन घरे पूर्वेस व एक घर उत्तरेस अशा दिशेने पाहिले तर २६.६ अंश येतात. जवळ आहे, पण सूर्यबिंबाची रुंदी अर्धा अंश धरली तर हा फरक तीन बिंबांहून अधिक भरतो, आणि शिवाय त्या रेषेवर सूर्य कधीच उगवत नाही! तेरा घरे पूर्वेस आणि सहा घरे उत्तरेस गेले तर मात्र २४.८ अंश, अगदी नेमके. पण २५०० शिळांच्या जाळ्यात अशी रेषा सापडणारच. आपण मागाल ती दिशा एवढ्या मोठ्या जाळ्यात मिळते. म्हणून केवळ एक रेषा जुळली एवढ्यावरून बांधणाऱ्याचा हेतू सिद्ध होत नाही. विदर्भ, शिवमोग्गा व तेलंगणातील अलीकडचे काम या दृष्टीने अधिक पक्के आहे. शिवमोग्गा जिल्ह्यातील निलसकल येथे उभ्या चपट्या शिळा आहेत. मणिपालचे वास्तुशास्त्रज्ञ श्रीकुमार मेनन आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया यांनी दाखवून दिले की, तेथे एकाहून अधिक जोड्या अयनान्ताच्या सूर्याला चौकटीत धरतात. एकदा जुळणे योगायोग असू शकेल. पुनःपुन्हा जुळणे विचारास लावते.

नागपूरजवळील जुनापाणीची शिळावर्तुळेही याच कसोटीवर तपासली गेली. तेथे सुमारे ३०० वर्तुळे आहेत. १८७९ साली रिव्हेट-कार्नॅक यांनी त्यांचे वर्णन छापले. पुढे विदर्भात शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा आणि माहुरझरी येथे उत्खनने करून इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील लोखंड वापरणाऱ्या, घोडा सजविणाऱ्या त्या लोकांचा परिचय करून दिला. जुनापाणीच्या काही शिळांवर वाटीसारखे लहान खळगे आहेत. वाहिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजले तेव्हा असे दिसले की खळगे असलेल्या शिळा वर्तुळात वाटेल तेथे नसून तीन ठराविक दिशांना एकवटलेल्या आहेत. तिकडे रायचूरपलीकडे, कृष्णेकाठच्या मुडुमल येथे हैदराबाद विद्यापीठाचे के. पी. राव यांना एका सपाट शिळेवर खळग्यांनी कोरलेले सप्तर्षी दिसले. २०२५ साली हे ठिकाण जागतिक वारशाच्या भारतीय संभाव्य यादीत आले. तेथील उभ्या शिळांना गावकरी देव मानून पूजतात. दख्खनच्या गावांतून वेताळाची शिळावर्तुळे अशीच पूजिली जात, हे रेव्हरंड स्टीव्हन्सन यांनी १८३०च्या दशकातच नमूद केले होते. देवत्व हे संरक्षणाचे जुने आणि विनाखर्चाचे साधन आहे.

हनमसागरची एक गोष्ट मात्र योगायोग म्हणून उडवून लावता येत नाही. ओळींच्या दिशा. सहाशे मीटरपर्यंत ओळ पूर्व-पश्चिम न्यायची तर पूर्व म्हणजे नेमकी कोणती हे ठरवावे लागते. होकायंत्र नव्हते. कात्यायन शुल्बसूत्रात जी रीत दिली आहे ती अशी : सपाट जमिनीवर एक शंकू, म्हणजे सरळ खुंटी रोवावी. तिच्याभोवती दोरीने वर्तुळ काढावे. सकाळी खुंटीची सावली लांब असते. ती आखडत आखडत वर्तुळाला जेथे स्पर्श करील तेथे खूण करावी. दुपारनंतर ती लांबत लांबत पुन्हा जेथे वर्तुळास पोहोचेल तेथे दुसरी खूण. दोन्ही खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम. त्या दोन खुणांवर दोरीची टोके अडकवून तिचा मध्य आधी दक्षिणेस व मग उत्तरेस ताणला की मिळणाऱ्या दोन बिंदूंना जोडणारी रेषा दक्षिणोत्तर. खुंटी, दोरी आणि एक दिवसाची सवड. याहून अधिक काही लागत नाही. आपल्या उणकलच्या चंद्रमौळीश्वराच्या गाभाऱ्यास चारही दिशांना दारे आहेत. ती चालुक्यकालीन स्थपतींनी अशाच कोणत्या तरी रीतीने बसविली असणार. शाळेच्या पटांगणात हा प्रयोग सहावीची मुलेही करू शकतील. दोन मे आणि अकरा ऑगस्टच्या सुमारास मात्र त्यांनी मध्यान्ही खुंटीकडे लक्ष ठेवावे : त्या दिवशी आपल्या गावी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि खुंटीची सावली नाहीशी होते. नब्ताच्या उभ्या शिळांची सावलीही मोठ्या दिवसाच्या आधी व नंतर सुमारे तीन आठवड्यांनी अशीच नाहीशी होत असे.

कोणी म्हणेल, पंचांग आपल्याजवळ असताना दगडांचे एवढे कौतुक कशाला? या प्रश्नास ऐतिहासिक उत्तर आहे. आपला शेतकरी पाऊस नक्षत्रांवरून सांगतो : रोहिणी, मृग, आर्द्रा. मराठीत तसेच कन्नडमध्ये. मृग जूनच्या सात-आठ तारखेस लागतो, हे आपण निसर्गनियमासारखे धरून चालतो. पण ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेले वर्ष ऋतुवर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठे आहे, आणि त्यामुळे सुमारे ७१ वर्षांत एक दिवस, या गतीने सूर्याचा नक्षत्रप्रवेश ऋतूंच्या तुलनेत पुढे सरकतो. दीड हजार वर्षांपूर्वी मृग आजच्या गणनेने मे महिन्याच्या मध्यावर लागत असे. मकरसंक्रांत आणि खरे उत्तरायण यांच्यात आज तीन आठवड्यांहून अधिक अंतर पडले आहे ते याचमुळे. याच प्रश्नावर आपल्याकडील सायन-निरयन वाद माजला. शंकर बाळकृष्ण दीक्षित सायन पक्षाचे; तर नरगुंदात जन्मलेले, बागलकोटास राहून गणित करणारे व्यंकटेश बापूजी केतकर निरयन पक्षाचे. दोघेही शिक्षणखात्यातील शिक्षक, हे या शाळेत सांगितलेच पाहिजे. क्षितिजावर सूर्य जेथून परततो त्या जागेकडे रोखलेली शिळा या वादात मुळी पडतच नाही. ताऱ्यांचे सरकणे तिला लागू नाही. पृथ्वीच्या अक्षाचा कल बदलतो, परंतु त्याची गती इतकी मंद की तीन हजार वर्षांत सूर्योदयाची जागा अर्ध्या अंशाहून कमी हलते. शिळा हलली नाही तर.

आणि शिळा हलत आहेत. १९८२ साली पुऱ्या झालेल्या नारायणपूर धरणाच्या डाव्या कालव्याने सुरपूर-शहापूरच्या कोरड्या माळांवर पाणी आणले. तेथील लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची दैना त्याने कमी केली. तिच्याविषयी कोणीही वाईट बोलू नये. पण पाणी आले की जमीन सपाट करावी लागते, आणि सपाट करायच्या जमिनीत प्रथम दगड निघतात. विभूतिहळ्ळीचे ठिकाण कायद्याने संरक्षित आहे, तरी टेलरने पाहिलेल्या ओळी आज अखंड नाहीत. नब्तालाही हे चुकले नाही. वाळवंटातून गाड्या जाऊ लागल्या, शिळा विस्कटल्या, आणि अखेर ते वर्तुळ उचलून आस्वानच्या न्युबिया संग्रहालयाच्या आवारात नेऊन ठेवावे लागले. शिळा वाचल्या. पण त्यांतून आता नब्ताच्या क्षितिजावरचा सूर्योदय पाहता येत नाही. दिशा हाच ज्या वस्तूचा प्राण, ती जागेवरून हलविली की मागे नुसते दगड उरतात.

हनमसागर आणि विभूतिहळ्ळी येथील प्रत्येक शिळेचे स्थान, उंची आणि कल यांची नोंद असलेला संपूर्ण नकाशा ही आज पहिली निकड आहे, आणि काही शिळांच्या बुडाशी काळजीपूर्वक उत्खनन ही दुसरी. कारण या रांगांचा काळ आजवर शेजारच्या थडग्यांवरूनच अनुमानाने ठरविला जातो. नकाशाच्या कामास पुरातत्त्वज्ञ लागतात तसे दोरी धरणारे विद्यार्थीही लागतात. हुबळीहून शहापूर दूर नाही, आणि डिसेंबरात तेथील पहाटेचे क्षितिज स्वच्छ असते. टेलरचा आराखडा छापलेला आहे. तो सोबत घेऊन गेले की कोणती ओळ उरली आणि कोणती नांगराखाली गेली हे एका सकाळी मोजता येते.